सजावट मुलींची, गणित मुलग्यांचं?

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या पाच-सहा संघटनांची एकत्र बैठक झाली. वस्त्यांमधल्या किशोरी गटांसाठी पुढच्या वर्षी काय काय घ्यायचं, हा विषय होता. आरोग्याची सत्रं, कायद्याची माहिती, शिवणकाम, पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स, अशी यादी फळ्यावर चढत होती. मी हात वर करून म्हटलं, "मुलींना व्हिडिओ गेम तयार करायला शिकवूया. त्यातून गणित आणि विज्ञान घेऊया."

क्षणभर शांतता आणि मग हशा. मी जिच्या मागे चालत मोर्चात घोषणा द्यायला शिकले, त्या ताई म्हणाल्या, "अगं, त्या मोबाइलच्या गेमनी घराघरात बायकांचं जगणं नकोसं केलंय, आणि तू तेच मुलींच्या हातात देणार?" दुसरी म्हणाली, "हे इंग्रजी शाळेतल्या पोरांचं खूळ आहे, आपल्या वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे." तिसरीनं मला समजावलं की गेम म्हणजे मारामारी, बंदुका आणि अर्धे कपडे घातलेल्या बाया. माझा विषय फळ्यावर चढला नाही. मेंदीचा चढला.

मैत्रिणींनो, त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. राग आहे, आणि तो लपवत नाही. पण हा राग परक्यांवरचा नाही, घरातला आहे.

आधी ताईंचं म्हणणं मान्य करते, कारण ते खरं आहे. ऑनलाइन रमीत नवऱ्यानं आठवड्याची मजुरी घालवली, मग मंगळसूत्र गहाण गेलं, अशा तक्रारी आमच्या केंद्रावरही आल्या आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो काही उगाच नाही. पण खेळाच्या आहारी जाणं वेगळं आणि खेळ बांधणं वेगळं. दारूच्या विरोधात आपण दुकानं फोडली, म्हणून मुलींनी रसायनशास्त्र शिकू नये असं कुणी म्हटलं होतं का? गेममध्ये आकडे कसे हलतात, समोरच्याला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून काय केलेलं असतं, हे ज्या मुलीनं एकदा स्वतः बांधून पाहिलं, तिला रमीचं ॲप फसवेल की तिच्या भावाला?

आता आमच्या वर्गाबद्दल सांगते. पुण्यातल्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथल्या समाजमंदिरात दोन वर्षं दर शनिवारी हा वर्ग चालला. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून सहा जुने लॅपटॉप मिळाले. शिकवायला एक तरुण इंजिनिअर येत असे. मुलं त्याला सर म्हणत. मनानं चांगला मुलगा. आठवी-नववीतले बारा मुलगे आणि नऊ मुली. साधन होतं 'स्क्रॅच'. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबनं ते २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. फुकट मिळतं, एकदा मशीनवर घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे आणि पडद्यावरच्या चित्रानं काय करायचं ते ठरवायचं. आमच्या मशीनवर ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजीत होते, त्यानं पहिले तीन शनिवार खाल्ले.

पहिल्या चार महिन्यांत मी खूश होते. अहवालात 'लाभार्थी मुली : ९' असा रकाना भरत होते. फोटो छान येत होते. मग एका शनिवारी सर उशिरा येणार होते म्हणून मी मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसले. एका लॅपटॉपवर दोन मुलगे आणि एक मुलगी. दीड तासात त्या मुलीच्या हातात माउस किती वेळ होता? सात मिनिटं! तीही पार्श्वभूमीचं आकाश रंगवायला. बाकीच्या गटांतही तेच. मुलगे म्हणत, "तू चित्रं काढ, तुझी छान येतात." आणि मुली काढत. ढग, झाडं, घराला कौलं, नायकाच्या शर्टाचा रंग. नायकानं उडी किती मारायची, शत्रू किती वेगानं यायचा, गुण कधी वाढायचे, म्हणजे जिथे जिथे आकडा होता तिथे तिथे मुलगा होता.

आणि इथे माझीच चूक सांगायला हवी. हे मला पहिल्यापासून दिसत होतं. मला त्यात गैर वाटलं नव्हतं! सगळ्यांना काम मिळालंय, मुली रमल्या आहेत, असंच मी धरून चालले होते. घरातल्या श्रमविभागणीवर मी एम.ए.ला निबंध लिहिला होता, कार्यकर्त्यांच्या शिबिरात त्यावर सत्र घेते. आणि तीच विभागणी माझ्या डोळ्यांदेखत सहा लॅपटॉपवर उभी राहत होती. हजेरीपटावर मुली होत्या, कीबोर्डवर नव्हत्या.

मग आम्ही मुलींची वेगळी तुकडी केली. दुपारी दोन ते चार. सकाळी पाणी, संध्याकाळी स्वयंपाक, मधल्या वेळात धाकटी भावंडं, म्हणून भावंडांसकट या असं सांगितलं. त्यामुळे वर्गात नऊ मुली आणि सात-आठ चिल्लीपिल्ली, एक तर दर शनिवारी चार्जरची वायर ओढायचा. सरांना ते अवघड जात होतं. मला नव्हतं, बायकांच्या बैठका अशाच होतात.

त्या तुकडीत काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण बैठकीत 'गेममधून कसलं गणित?' असंही कुणी तरी म्हणालं होतं.

स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य शून्य असतो. उजवीकडे २४०पर्यंत, डावीकडे उणे २४०पर्यंत, वर १८०, खाली उणे १८०. चित्र कुठे आहे हे दोन आकड्यांनी सांगायचं. आठवीतल्या एका मुलीला ऋण संख्यांची एवढी धास्ती होती की शाळेत त्या तासाला तिचं पोट दुखायचं. तिला मी विचारलं तर म्हणाली, "ताई, बाई सांगतात ऋण म्हणजे कर्ज. कर्ज तर आमच्या घरी आहे, पण ते कधी वजा होत नाही." या मुलीला पडद्यावरची बाहुली डावीकडे न्यायची होती. तिनं उणे दहा टाकलं, बाहुली डावीकडे सरकली. परत उणे दहा, आणखी डावीकडे. मग बाहुली डावीकडे तोंड करून उभी असताना तिला मागे न्यायचं होतं, तर तिनं विचार करून अधिक दहा टाकलं आणि टाळी वाजवली. ऋणात ऋण मिळवलं की काय होतं, हे तिला यापुढे कुणी सांगायची गरज नव्हती.

नंतर उडी. एका मुलीची बाहुली उडी मारायची ती टुणकन वर दिसायची आणि टुणकन खाली, मधला प्रवासच नाही. सरांनी विचारलं, "चेंडू वर फेकलास तर तो कसा जातो?" सगळ्या बाहेर गेल्या, चेंडू फेकत बसल्या. आधी जोरात जातो, मग हळू होतो, वर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग जोर धरत खाली येतो. आत येऊन तिनं 'वेग' नावाची एक डबी केली, म्हणजे आकडा साठवायची जागा. सुरुवातीला वेग १०. दर पावलाला तेवढं वर जायचं आणि वेग एकनं कमी करायचा. १०, मग ९, मग ८... शून्य, मग उणे एक, उणे दोन. उडी खरी दिसायला लागली! दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण आहे, ही मुलगी आठवीत होती.

पण वाटेत पाण्याचं पिंप होतं, ७० उंचीचं, आणि बाहुली त्याला धडकत होती. का? तिनं खडूनं फरशीवर बेरीज केली. १० पासून १ पर्यंत, ५५. वेग ११ केला तर ६६, तरी धडकते. १२ केला तर ७८, पार! मग तिनंच विचारलं, "ताई, दर वेळी एवढी बेरीज करायची का?" दुसरी म्हणाली, पहिला आणि शेवटचा घे, १ आणि १२ तेरा, २ आणि ११ तेरा, अशा सहा जोड्या, सहा तेरे अठ्ठ्याहत्तर. पुस्तकात याला अंकगणिती श्रेढी म्हणतात आणि तो धडा दहावीत येतो. इथे तो एका पिंपापायी आला.

त्या दिवशी एका मुलीची आई धाकट्याला घ्यायला आली होती. ती घरी बसून ब्लाऊज शिवते. पडद्यावर उडीची वाट उमटलेली पाहून म्हणाली, "हे तर मुंढ्याचं कटिंग दिसतंय." सगळ्या हसल्या, पण बाई बरोबर होती. छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन, खुणा करून, त्या वळणानं जोडणं हीसुद्धा भूमितीच. आपण बायकांना शिवणयंत्रं दिली आणि या भूमितीचं नावही त्यांना कधी सांगितलं नाही. म्हणून शिवणकामाला मी कमी लेखते आहे, असं कुणी समजू नये.

आता बैठकीतल्या दुसऱ्या मैत्रिणीकडे वळते, जी म्हणाली होती की वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे. होय, आहे. या मुलींचा पहिला पूर्ण गेम पाण्यावरच होता. कुणी सुचवलेलं नव्हतं. एक मुलगी हंडा घेऊन नळावरून घरी जाते, वाटेत गटार, कुत्रा, स्कूटर, धडकली की पाणी सांडतं. पाणी जाण्याआधी घरातलं सगळं भरायचं. सर म्हणाले, "पाणी किती वेळ येतं, हंडा किती वेळात भरतो, हे खरे आकडे घाला." मुली बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन नळावर गेल्या. १५ लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. गल्लीत नळ ४, घरं ४०, पाणी सकाळी सहा ते आठ. चार नळांची मिळून ४८० मिनिटं, भागिले ४०, घरटी १२ मिनिटं. म्हणजे १४४ लिटर. घरात पाच माणसं धरली तर माणशी २९ लिटरसुद्धा होत नाही.

मग मी त्यांना सांगितलं की केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेत नळ आणि भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरलेलं आहे. घराला लागणारं पाणी म्हणून त्यांनी गेममध्ये ६७५ लिटर टाकलं. आणि गेम जिंकताच येईना! कितीही चपळाईनं पळा, एकही थेंब सांडू नका, तरी हरायचंच. एक मुलगी अर्धा तास खेळली आणि वैतागून म्हणाली, "ताई, आई रोज हाच गेम खेळते."

सर म्हणाले, मग आकडा कमी करा, गेम जिंकता आला पाहिजे. मुली म्हणाल्या, आकडा का कमी करायचा? नळ वाढवू. हिशेब केला तर १९ नळ लागत होते. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी म्हणाली की नळ वाढवले तर धार बारीक होईल, आमचा नळ शेवटी आहे, पुढचे सुरू झाले की आमचा मंदावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी बाकीचे तीन नळ पाच मिनिटं बंद ठेवायला लावले, त्यासाठी गल्लीत भांडण झालं, आणि एकच नळ सोडून बादली भरली. ५० सेकंद! म्हणजे प्रश्न नळांच्या संख्येचा एकटा नव्हता, मागच्या पाइपचा आणि दाबाचा होता. मग गेममध्ये 'पाइपची जाडी' आणि 'पाणी किती तास' असे दोन नवे आकडे आले. जिंकायचं असेल तर हंडा घेऊन धावायचं नाही, वॉर्ड ऑफिसात जाऊन ते आकडे बदलायला लावायचे, असा दुसरा टप्पा त्यांनी केला. तिथला साहेब तीन वेळा जागेवर नसतो, चौथ्यांदा भेटतो. ती चार वेळांची संख्या त्यांनी फासा टाकल्यासारखी ठेवली होती, कधी दोन, कधी सहा. संभाव्यता म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. वर्षाअखेरीस निधी देणाऱ्यांसाठी प्रदर्शन होतं. समन्वयक बाईंनी आधी गेम पाहिले. मुलग्यांचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम पास झाला. मुलींचा गेम 'थोडा नकारात्मक' वाटला. पाहुण्यांना खेळून हरल्यासारखं वाटेल, म्हणाल्या. मुलींसाठी काही तरी आनंदी करू, नवरीला सजवायचा गेम, रांगोळीचा गेम, त्यात सममिती पण येते! सममितीचा उल्लेख अर्थात मला गप्प करायला होता. मुलींनी आठवडाभरात रांगोळीचा गेम करून दिला, त्यांना तो हातचा मळ होता. पाहुण्यांनी फोटो काढले. पाण्याचा गेम लॅपटॉपवर तसाच राहिला. आणि मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, कारण पुढच्या वर्षीचा निधी होता. तोही निधी आला नाही, हा भाग वेगळा.

हे सगळं पहिल्यांदा आपल्याकडेच घडलं असंही नाही. कॅरल शॉ या अमेरिकन बाईंनी १९८२ साली 'रिव्हर रेड' हा गेम केला. सगळा गेम चार किलोबाइटांत बसवायचा होता, एवढ्या जागेत अख्ख्या नदीचा नकाशा कसा मावणार? त्यांनी नकाशा साठवलाच नाही. एक सूत्र ठेवलं, जे दर वेळी तीच लांबच लांब नदी नव्यानं काढत जातं. निव्वळ गणित! याच बाई त्याआधी अटारी कंपनीत लागल्या तेव्हा कंपनीचा प्रमुख काय म्हणाला होता, ते त्यांनी नंतर सांगितलं आहे : बरं झालं, आता बाई आली, सौंदर्यप्रसाधनांचे रंग जुळवायचे आणि घरसजावटीचे गेम करता येतील. १९४६चा एनिॲक हा संगणक चालवण्याची आखणी सहा बायकांनी केली, त्यांची नावं कुणी धड घ्यायला पुढची चाळीस वर्षं जावी लागली. मुलांना संगणकातून गणित शिकवायची 'लोगो' ही भाषा १९६७ची. तिच्याबद्दल बोलताना सेमूर पेपर्ट यांचं नाव सगळे घेतात. सिंथिया सॉलोमन या बाईही ती घडवण्यात होत्या, हे कितीजणींनी ऐकलंय?

समन्वयक बाईंना मी तेव्हा जे सांगू शकले नाही ते असं. १९९६ साली मॅटेल कंपनीनं बार्बीचे कपडे शिवायचा गेम बाजारात आणला, तो लाखांनी खपला, आणि मुलींना काय आवडतं ते आता कळलं असं कंपन्यांनी ठरवून टाकलं. त्याच सुमारास यास्मिन काफाई या संशोधक बाईंनी बॉस्टनच्या एका शाळेत चौथीच्या सोळा मुलामुलींना अपूर्णांक शिकवणारे गेम करायला लावले होते. सहा महिने. बहुतेक मुलग्यांनी दुष्टांशी लढाई आणि खजिन्याचा शोध केला, मुलींच्या गेममध्ये बहुधा दुष्ट कुणी नव्हतंच. एवढंच वाचून लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, मुलींचा स्वभावच वेगळा. पण काफाईंनी पुढे विषय बदलून सूर्यमालेवरचे गेम करायला दिले, तर मुलगे आणि मुली यांच्यातला तो फरक बराच पुसट झाला. म्हणजे मुलगी काय करते ते तिला काय काम दिलं आणि कुठे बसवलं यावर अवलंबून असतं. रांगोळी मागाल तर रांगोळी मिळेल.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? स्वयंपाकघराला सोयीचं म्हणून मुलींना वेगळा, हलका अभ्यासक्रम द्यावा, या वादावर हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच समिती नेमली गेली होती. मुलगा-मुलगी असा अभ्यासक्रमात भेद नको, असं तिनं सांगितलं. आता पुस्तकं एक आहेत. पण गल्लीत मुलगा मोबाइल उघडून त्याच्या आत काय चालतं ते बघत बसतो, आणि बहिणीला तो फोन मिळतो आईला रिचार्ज करून देण्यापुरता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग लिहिलेलं आहे. ते कुणाच्या घरच्या मशीनवर होणार?

म्हणून 'इंग्रजी शाळेतल्या पोरांचं खूळ' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. हजारो रुपये फी भरून त्यांची मुलं हे शिकतात. खूळ असतं तर त्यांनी एवढे पैसे टाकले असते का? आपल्या मुलींसाठी मात्र आपण तिसऱ्यांदा मेंदीचा कोर्स घेतो, कारण तो सोपा आहे, शिकवणारी गल्लीत मिळते, आणि घरचे हरकत घेत नाहीत. घरचे हरकत घेत नाहीत, हा आपल्या कार्यक्रमांचा निकष कधीपासून झाला?

मारामारीबद्दल : हो, बाजारातले बरेच गेम तसेच आहेत. बायका तिथे बोलल्या की काय होतं तेही २०१४ साली अमेरिकेत दिसलं. गेममधल्या बायकांच्या चित्रणावर टीका करणाऱ्या आणि गेम करणाऱ्या बायकांना महिनोन् महिने बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या आल्या. पण सिनेमा बायकांची विटंबना करतो म्हणून आपण सिनेमा करणं सोडलं नाही, पथनाट्यं केली, माहितीपट केले. इथेच आपण हात का झटकतो? मला वाटतं, खरं कारण साधं आहे. आपल्यापैकी बहुतेकजणींना शाळेत गणितानं रडवलं होतं. मलाही. समाजकार्याकडे वळताना निदान गणित सुटलं, असं मला वाटलं होतं. ती आपली भीती आपण मुलींच्या नावानं जपतो आहोत.

वर्गानं चमत्कार केला, असं मात्र मी म्हणणार नाही. नऊपैकी चारजणींचे शाळेतले गणिताचे गुण वाढले, ते गेममुळेच की वय वाढलं म्हणून, मला सांगता येणार नाही. पिंपाची उडी करणारी मुलगी नववीच्या सहामाहीत गणितात नापास झाली. पेपरात पिंप नव्हतं, म्हणाली. एकीचं कुटुंब गाव सोडून आलं होतं, ते परत गेलं. एकीला थोरल्या भावानं लॅपटॉपसमोर पाहिलं आणि वर्ग बंद केला. तिच्या आईकडे मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "ताई, तुम्ही शिवणाचा क्लास काढा, मी उद्या पाठवते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो क्लास आपण काढतोच.

मला संघटनांकडून काय हवं आहे? फार नाही. दुपारचे दोन तास आणि एका खोलीची किल्ली मुलींच्या नावावर. शिकवायला बाई. इंजिनिअर झालेल्या मुली आपल्या ओळखीत आहेत, त्यांना फक्त आठ मार्चच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन करायला बोलावू नका. निधी घेताना अहवालात 'मुली किती आल्या' याऐवजी 'माउस कुणाच्या हातात किती वेळ' असा रकाना आपण स्वतः घालायचा. आणि कुणी 'खास मुलींसाठी' म्हणून गुलाबी काही आणलं, तर दारातूनच परत पाठवायचं. मिश्र वर्ग कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. पण मुलग्यांनाही ढग रंगवायला लागले पाहिजेत.

प्रकल्प संपल्यावर सहापैकी चार लॅपटॉप परत गेले. नादुरुस्त म्हणून दोन मागे राहिले, ते आम्ही अडीच हजारांत दुरुस्त करून घेतले. एकाची बॅटरी टिकत नाही, सतत वायर लावून ठेवावी लागते. सात मुली अजून शनिवारी येतात. सध्या त्यांनी गेममध्ये पाइपची जाडी दुप्पट केली की पाणी दुप्पट येतं असं धरलं होतं. सर म्हणाले तसं नसतं, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून बघा. तेव्हापासून जुन्या पाइपाचे तुकडे शोधत फिरताहेत. समाजमंदिर पुढच्या महिन्यापासून शनिवारी दुपारी हळदी-कुंकवाच्या भिशीला दिलं आहे, म्हणून जागा हवी आहे. पुढच्या बैठकीत मी तोच विषय परत मांडणार आहे. या वेळी लॅपटॉप बरोबर आणीन, आणि ताईंना म्हणेन, आधी एकदा पाणी भरून दाखवा.